मुंगीच्या आईची फुलं

आमच्या गल्लीत तिला सगळे 'नवी' म्हणायचे. शेजारच्या कुलूपवाल्यांची पहिली बायको वारली, वर्ष-दीड वर्षानं त्यांनी दुसरं लग्न केलं, आणि जी घरात आली ती नवी. नवं भांडं चार दिवस नवं असतं, नवी चप्पल फार तर महिनाभर. ही बाई मात्र केस पिकले, गुडघे गेले, तरी नवीच राहिली. दूधवालासुद्धा दारातून हाक मारायचा, "नवीबाई, पातेलं आणा!" तिला त्याचा राग नव्हता. म्हणायची, "जुनी म्हणण्यापेक्षा बरं की हो, ताई."

आमच्या दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी विटांची भिंत होती. कपडे वाळत घालताना, भांडी घासताना भिंतीपलीकडचं सगळं दिसायचं, आणि न दिसलेलं नवी स्वतःहून सांगायची. तिला बोलायला दुसरं होतं कोण? नवरा म्हणाल तर साऱ्या वस्तीची कुलपं उघडायचा, पण स्वतःचं तोंड उघडायची किल्ली त्याला कधी सापडली नाही. आणि घरात होती ती पहिल्या बायकोची मुलगी, मुंगी. अंगानं एवढीशी आणि सदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून मुंगी. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती.

मुंगीची आई बटणांच्या कारखान्यात कामाला होती. हसरी बाई, हाताला चैन नसलेली. मागच्या अंगणात पन्हळीचा पाइप आणि भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी होती, तिथे तिनं जीयम लावली होती. ज्यांनी हे झाड पाहिलं नाही त्यांना पहिल्यांदा ते तण वाटतं. लवदार, खरबरीत पानांचा झुबका जमिनीला धरून बसलेला असतो, थोडाफार स्ट्रॉबेरीसारखा. थंडी सरली की त्यातून तारेसारखे बारीक, उंच देठ निघतात आणि त्यांच्या टोकांना फुलं. तिची जात केशरी, भरगच्च पाकळ्यांची. रेशमी चिंधी मुठीत चुरगळून मग सोडून द्यावी तशी. वारा आला की सगळी एकदम मान डोलवायची. मलाही तिनं दोनदा फुटवे दिले होते, पण माझ्या बाजूला ऊन पोचत नाही. दोन्ही वेळा गेले.

ती गेल्यावर फुलांचा ताबा मुंगीनं घेतला. शाळेतून आली की दप्तर टाकून मागे. आईची छोटी कात्री घेऊन वाळलेली फुलं कापायची, म्हणजे पुढची फुलं येत राहतात. नवी घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात ती कौतुकानं वाकून फुलं बघायला गेली, तर मुंगी पाठीमागून म्हणाली, "त्यांना हात लावू नका."

लावू नका. हे 'नका' नवीला शेवटपर्यंत पुरलं. आईला कोणी 'तुम्ही' म्हणतं का? आईला मूल 'तू' म्हणतं, भांडताना तर हमखास म्हणतं. मुंगी नवीला 'तुम्ही' म्हणायची. 'आई' नाही, 'मावशी' नाही, 'काकू' तर मी होते. हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून पोरगी काय काय करायची! स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भिंतीला विचारायची, "भाजी झाली का?" मी एकदा नवीला म्हटलं, "भिंतच उत्तर देईल एक दिवस." ती हसली. मग पदरानं तोंड पुसल्यासारखं करून आत गेली.

नवी कामाला लाँड्रीत होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यातले डगले, दिवसभर वाफेत उभं राहून इस्त्री. घरी यायची तेव्हा चेहरा उकडल्यासारखा लाल झालेला असायचा. तरी आल्या आल्या बादलीभर पाणी मागच्या पायरीपाशी नेऊन ठेवायची. पुढे न्यायची परवानगी नव्हती. मुंगी ती बादली उचलून नेई आणि तांब्यानं एकेका झुबक्याच्या बुडाशी पाणी घाली. नवी पायरीवर उभी राहून बघायची. अशी तीन-चार वर्षं गेली.

मग मुंगीला कांजिण्या आल्या. ऐन फुलांच्या दिवसांत ती अंथरुणात, आणि मागे वाळक्या फुलांची गर्दी. दोन दिवस पोरीनं दम काढला. तिसऱ्या दिवशी नवी कपाळावर ओली पट्टी ठेवत होती, तेव्हा डोळे मिटूनच म्हणाली, "वाळलेली कापाल का? पण देठ तळापासून कापायचा. मध्येच नाही. मध्येच कापला तर काड्या राहतात."

"तळापासून," नवी म्हणाली.

"आणि पानांना धक्का नको."

"नाही लावत."

त्या संध्याकाळी नवी भिंतीशी आली ती कात्री हातात घेऊन. एखाद्याला सरकारी नोकरी लागल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला होता. "ताई, मला कापायला सांगितलं तिनं." मी म्हटलं, "अगं मग काप ना, मला काय दाखवतेस!" ती पट्टीजवळ उकिडवी बसली आणि एकेक देठ असा शोधत गेली, जणू चुकला तर झाडच ओरडेल.

त्यानंतर बादली पायरीवरून पट्टीपर्यंत गेली. बोलणं फार वाढलं नाही, पण दोघी एकाच वेळी मागे दिसू लागल्या. एकीच्या हातात कात्री, दुसरीच्या हातात सूप, वाळलेलं गोळा करायला. मला वाटलं, चला, सुटली गाठ.

त्याच वर्षी थंडीच्या सुट्टीत मुंगी तिच्या मावशीकडे गेली, सख्ख्या मावशीकडे, दुसऱ्या शहरात. यंदा थंडी फार पडणार असं सगळे म्हणत होते. नवीच्या डोक्यात आलं, पोर येईल तेव्हा झाडं तरारलेली दिसावीत. तिनं कुठूनतरी दोन पोती शेणखत आणलं आणि पट्टीवर चांगलं जाड पसरलं. झुबक्यांच्या मध्यावरही. लहान मुलाला नाकापर्यंत पांघरूण घालतात तसं. मी भिंतीवरून पाहिलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या दारात कोणतं झाड जगलं होतं की मी शहाणपण शिकवावं? नंतर अवकाळी पाऊस लागला. तो दिवस दिवस थांबेना. पन्हळीचा पाइप तिथेच, सगळं पाणी तिथेच साचायचं, आणि वर तो खताचा ओला थर.

मुंगी परत आली तेव्हा शेणखत तिच्या नजरेला पडलं, पण तिनं ते तसंच राहू दिलं. ऊन तापायला लागलं, सगळीकडे हिरवं फुटलं, आणि त्या पट्टीत मात्र काही हलेना. एका दुपारी तिनं हातानंच खत बाजूला केलं. खाली झुबक्यांच्या जागी काळा चिखल होता. ओढलं की पान हातात येत होतं आणि त्याच्या बुडाला कुजका वास. एक, दुसरं, तिसरं. सगळी.

नवी नुकतीच कामावरून आली होती. तिला दारात बघितल्याबरोबर पोरगी किंचाळली, "तू मारलंस! तू मुद्दाम मारलंस त्यांना!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून 'तू' निघालं, ते असं.

नवी नुसती "नाही गं, नाही गं," एवढंच म्हणत राहिली. मी भिंतीपलीकडून म्हटलं, "मुंगे, अगं तिनं चांगल्यासाठी केलं," पण त्या वयात चांगल्यासाठी केलेलं कोणाला दिसतं? कुलूपवाले दुकानातून आले, पट्टीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला गेले. त्या माणसानं त्या दिवशी एक शब्द बोलायला हवा होता. कोणाच्याही बाजूनं.

शाळेचं वर्ष संपल्यावर मुंगी मावशीकडे राहायला गेली. तिथली शाळा चांगली आहे असं सगळ्यांना सांगितलं. जाताना वडिलांच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली, आणि नवीकडे न बघता म्हणाली, "येते." पुन्हा भिंतीला सांगावं तसं.

ती गेल्यावर नवी त्या रिकाम्या पट्टीत काही लावीना. एका सुट्टीच्या दिवशी ती रोपवाटिकेत गेली आणि तिथल्या माणसाला फुलाचं वर्णन करून सांगितलं. त्यानं दोन-तीन जीयम दाखवली, एक पिवळं, एक लाल. "हे नाही," ती म्हणाली. "ते केशरी होतं. पाकळ्यांवर पाकळ्या."

"मग ती जात माझ्याकडे नाही. आणि बी मिळायचं नाही तिचं. वांझ जात आहे ती, बी धरतच नाही."

नवीला मूल नव्हतं. रोपवाटिकेतलं हे बोलणं तिनं मला सांगितलं तेव्हा 'वांझ' हा शब्द जरा थांबून उच्चारला, आणि पुढे गेली.

"मग ते वाढतं कसं?" तिनं त्याला विचारलं.

"गड्डा फोडून. दोन-तीन वर्षांनी मधला भाग जून होतो, तो काढून टाकायचा आणि कडेचे फुटवे नव्यानं लावायचे. ज्यानं कोणी तुम्हाला दिलं असेल त्याच्याकडे बघा, नाहीतर तुम्ही कोणाला दिलं असेल तर त्याच्याकडे."

तिनं घरी येऊन नवऱ्याला विचारलं, पहिलीनं कोणाला दिली होती का. ते म्हणाले, "दिली असतील." मला विचारलं. मी म्हटलं, "मला दिली होती, माझी मेली. कारखान्यात वाटली असतील बघ, तिथे तिचा जीव होता."

आणि ही बाई खरंच गेली. बटणांच्या कारखान्याच्या फाटकाशी, पाळी सुटायच्या वेळी, पिशवी छातीशी धरून उभी. बाहेर पडणाऱ्या बायकांना एकेकीला थांबवून विचारायची. एकीनं विचारलं, "तुम्ही कोण तिच्या?"

"मी तिच्या जागेवर आलेय."

"तिच्या जागेवर? अहो, तिच्या मशीनवर तर आमची ही बसते," म्हणून तिनं शेजारणीकडे बोट दाखवलं. मग दोघींच्या लक्षात आलं. त्यातल्या एकीनं पत्ता सांगितला. पॅकिंगला एक बाई होत्या, आता घरीच असतात. त्यांची नि तिची मैत्री होती.

पॅकिंगवाल्या बाई बसच्या शेवटच्या थांब्यापाशी राहत होत्या. दारातच नवीला दिसलं: पत्र्याच्या तुटक्या टबामागे केशरी फुलं, वाऱ्यावर मान डोलवत. ती म्हणाली, ताई, पळून यावंसं वाटलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. बसा म्हणाल्या नाहीत. शेवटी विचारलं, "पोरीला मारता?"

"नाही."

"ओरडता?"

"तेही जमत नाही मला."

"पोरीची आई आजारी होती तेव्हा इथे येऊन बसायची," बाई म्हणाल्या. "म्हणायची, माझ्यामागून कोणीतरी येणारच, हे काही एकटे राहायचे नाहीत. पोरीवर हात उचलणारी नको यायला, एवढंच." मग त्या टबाकडे बघत राहिल्या. "आत्ता नाही देणार. आत्ता फुलावर आहेत, उपटली तर मरतील. फुलं ओसरू द्या, मग या."

फुलं ओसरल्यावर नवी पुन्हा गेली. बाईंनी खुरप्यानं गड्डा उकरला आणि चाकूनं फोडला. मधलं लाकडासारखं झालेलं फेकून दिलं आणि कडेचे फुटवे ओल्या फडक्यात बांधून दिले. वर बजावलं, "कोंब मातीच्या वर राहू दे. पुरलंस तर कुजेल."

"आता कळलंय," नवी म्हणाली.

तिनं आधी कुलूपवाल्यांकडून पन्हळीचा पाइप दुसरीकडे वळवून घेतला, माती उपसून वाळू आणि जुना पालापाचोळा मिसळला, आणि मग फुटवे लावले. कोरड्या दिवसांत पाणी, ओल्या दिवसांत नुसती नजर. एकदा पानं मलूल दिसली तर मुळं उकरून पांढऱ्या अळ्या वेचून काढल्या, एकेक, नखानं. पहिल्या वर्षी जेमतेम फुलं आली. दुसऱ्या वर्षी पट्टी पेटल्यासारखी दिसायला लागली.

मुंगीचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. नवीनं उचलला तर दोनच शब्द: "बाबांना द्या." पट्टी फुलली त्या आठवड्यात नवी नवऱ्याच्या मागेच लागली, "फुलं आलीत म्हणून सांगा तिला." त्यांनी सांगितलं. नवी शेजारीच त्यांचा शर्ट इस्त्री करत होती. फोनमधून मुंगीचा आवाज तिलाही ऐकू आला, एवढी ती ओरडली होती. "आईची? तीच? बाबा, तुम्ही कुठून आणलीत? तुम्ही लावलीत?"

कुलूपवाल्यांनी नवीकडे बघितलं. खाली बघितलं. आणि म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवशी हे ऐकून माझा असा संताप झाला की हातातलं धुणं मी भिंतीवर आपटलं. "अगं, तू काय तोंडात मूग गिळून बसलीस? फोन कर आणि सांग तिला!"

"काय सांगू, ताई? आता सुट्टीत येते म्हणाली ती. इतक्या दिवसांनी."

"तुझ्यामुळे येतेय!"

"बापामुळे येतेय. फुलं बापानं आणली म्हणजे तिला बाप मिळाला थोडा. मी आणली असं कळलं तर मी काही आई होणार नाही. नुसती हुशार ठरेन."

मी भिंतीवर आपटलेलं धुणं उचललं. पुन्हा खळबळायला घेतलं.

मुंगी आली. दिवसदिवसभर मागे बसायची, वडिलांशी बोलायची, आणि तो मुका माणूसही चार वाक्यं जोडू लागला. नंतर ती दरवर्षी यायची. शिकली, दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली, लग्न झालं, मुलगी झाली. नवीशी सभ्यपणे वागायची. येताना तिच्यासाठी साडी आणायची, गुडघ्यांचं औषध आणायची. "तुमची तब्येत कशी आहे?" असं विचारायची. कशात म्हणून कमी नव्हतं. तेच तर दुखणं होतं.

कुलूपवाले दुकानात बसल्या बसल्याच गेले. सगळं आटोपल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी मुंगी खुरपं घेऊन मागे आली. तिला घरी न्यायला फुटवे हवे होते. मी कपडे काढत होते. तिनं नवीला विचारलं, "बाबा इतकी वर्षं कशी जगवायचे हो ही?"

नवी पायरीवर बसली होती. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नव्हतं.

"ते... ते आधी कडेनं उकरायचे," ती म्हणाली. "मधून नाही. हं, असं. आता हातानं उचल. मधलं जून असतं ते टाकून द्यायचे ते. कडेचं घ्यायचे."

"आणि लावताना?"

"कोंब मातीच्या वर ठेवायचे. पुरायचे नाहीत. ते म्हणायचे, पुरलं तर कुजतं." ती पायरीवर जरा पुढे सरकली. "पाणी साचू द्यायचे नाहीत. पानं मलूल दिसली तर मुळांशी अळी बघायचे. आणि वाळलेलं फूल तळापासून कापायचे."

"ते मीच शिकवलं असणार त्यांना," मुंगी म्हणाली आणि रडायला लागली. नवी पायरीवरून उठायला गेली, अर्धी उठली, आणि परत बसली.

त्यानंतर नवी त्या घरात राहिली नाही. मुंगी म्हणाली होती, "तुम्ही खुशाल राहा, मला काही घाई नाही," पण तिनंच लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. झेपेल तितके दिवस खाली इस्त्रीला जायची. मी अधूनमधून जायचे. एकदा म्हटलं, "एखादी कुंडी आणू का तुझ्या जीयमची?" तर म्हणाली, "माझी कुठली?"

दोन हिवाळे तिनं तिथे काढले. तिसऱ्या हिवाळ्यात छाती भरली. शेवटी मी होते आणि लाँड्रीतल्या दोघी होत्या. मुंगी पोचली तोवर सगळं उरकलं होतं.

तिला बसथांब्यावर सोडायला गेले तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. फाटकाशी उभं राहणं, शेवटच्या थांब्यावरचं घर, फोनवरचं 'हं'. नवीनं मला कधी शपथ घातली नव्हती, आणि घातली असती तरी मी सांगितलं असतं. मुंगी रस्त्याकडे बघत ऐकत राहिली. त्या पॅकिंगवाल्या बाई आहेत का अजून, एवढं विचारलं. मी म्हटलं, त्याही गेल्या. मग बस आली.

महिन्याभरानं तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काकू, त्यांना स्वतःला कुठलं फूल आवडायचं हो?"

मला सांगता येईना. मी लाँड्रीत गेले आणि नवीच्या शेजारच्या टेबलावर काम करणारीला विचारलं. ती इस्त्री उभी करून विचारात पडली.

"फुलांचं काही नव्हतं हो तिला. शिंका यायच्या. घरामागे भिंतीशी एक पट्टी आहे म्हणे, तिथे मुळा लावायची फार हौस होती तिला, नवीन लग्न झालं तेव्हापासून. म्हणायची, मुळा लावला असता, पण तिथे आधीच फुलं होती, जागा नव्हती."

संध्याकाळी मी मुंगीला फोन करून हे सांगितलं. "मुळा?" ती म्हणाली आणि हसलीच एकदम. मग तिनं स्वयंपाकघरातला नळ सोडल्याचा आवाज आला. म्हणाली, "ठेवते, काकू."